शेजाऱ्याचे वीजबिल

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ स्कॉट गेलर यांनी घरगुती ऊर्जाबचतीच्या कार्यशाळांचा पाठपुरावा करून १९८१ मध्ये त्याचे निष्कर्ष छापले. तेलटंचाईचे दशक नुकते संपले होते. कार्यशाळेतून माणसे अगदी खात्री पटून बाहेर पडत: प्रश्न गंभीर आहे, घरात बरेच करता येईल आणि आपण ते करणार. पण नंतर ४० जणांची घरे पाहिली, तेव्हा पाणी तापवण्याच्या टाकीचे तापमान एकानेच उतरवलेले निघाले. दोघांच्या टाक्यांना उष्णता धरून ठेवणारे आवरण होते, पण ते कार्यशाळेच्या आधीपासूनच. आठ जणांनी कमी पाणी सोडणारा शॉवर बसवला होता आणि तो तर कार्यशाळेत फुकट वाटलेला. आपल्याकडच्या पर्यावरणदिनाच्या भाषणांचा कोणी असा पाठपुरावा केला तर काय हाती लागेल, याची कल्पना न केलेली बरी.

माहिती दिली की मत बदलते आणि मत बदलले की वागणे बदलते, ही समजूत अनेकांना इतकी सरळ वाटत होती की ते तिला सिद्धांतही म्हणत नसत. ती कोसळल्यावर डागडुजी सुरू झाली. आइझेक आजेन यांनी १९९१ मध्ये नीट मांडले, की माणसाचे मत हा एक भाग झाला. भोवतालच्यांची अपेक्षा काय आणि ही गोष्ट आपल्याला जमेल असे त्याला वाटते का, हेही तितकेच मोजायला हवे. मांडणी उपयोगी होती, पण तिच्यात एक अडचण राहिली. आपण असे का वागतो हे माणूस विचारल्यावर खरे सांगू शकतो, असे तिने धरून ठेवले होते.

या अडचणीवर रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बोट ठेवले. कॅलिफोर्नियात लोकांना त्यांनी विचारले, की वीज का वाचवता? पर्यावरणासाठी, समाजासाठी, पैशासाठी, अशी उत्तरे आली. शेजारी वाचवतात म्हणून, हे कारण सगळ्यांत तळाला गेले. मात्र प्रत्यक्ष वीजवापराशी जुळवून पाहिले, तर सर्वांत घट्ट नाते त्याच तळाच्या कारणाशी निघाले. मग सॅन मार्कोस गावात उन्हाळ्यात घरोघरी दारांच्या मुठींना पत्रके अडकवली. एसीऐवजी पंखा लावा, असे सल्ले सगळ्या पत्रकांवर सारखेच होते, कारणे तेवढी वेगळी. ‘तुमच्या भागातले बहुतेक लोक असे करतात’ असे सांगणाऱ्या पत्रकामुळे वीजवापर सर्वांत कमी झाला आणि हे पत्रक मिळालेल्यांनाच वाटत होते, की आपल्यावर त्याचा फारसा परिणाम झालेला नाही.

याच गावातल्या, २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात या शोधाची दुखरी बाजूही दिसली. घरोघरी परिसराची सरासरी कळवल्यावर जास्त वीज जाळणारे खाली आले हे खरे, पण आधीपासून काटकसर करणारे वर चढले. एवढे कशाला सोसायचे, असे त्यांना वाटले असावे. त्यांच्या पत्रकावर हसरा चेहरा काढून दिला, तेव्हा ही वाढ थांबली. प्रौढ माणसांना हसऱ्या चेहऱ्याची शाबासकी लागते, हे मला या सगळ्या संशोधनातले सर्वांत प्रामाणिक निरीक्षण वाटते.

पुढे ओपॉवर नावाच्या कंपनीने ही तुलना लाखो घरांना टपालाने पाठवली. हंट ऑलकॉट यांनी २०११ मध्ये हिशेब मांडला: सरासरी घट सुमारे २ टक्के. कागदाच्या खर्चात हे वाईट नाही. पण तेवढ्यावर खूश झालो तर पॉल स्टर्न यांनी २००० मध्ये दिलेला इशारा विसरल्यासारखे होईल. हेतू हिरवा असणे आणि परिणाम मोठा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, असे ते सांगत होते. दिवे आठवणीने मालवणारा माणूस वर्षातून चार विमानप्रवास करतो आणि त्याला त्यात विसंगती दिसत नाही.

शेजाऱ्याच्या नजरेचा वापर महाराष्ट्राने याहून उघडपणे केला आहे. हागणदारीमुक्तीच्या मोहिमेत पहाटे गुड मॉर्निंग पथके निघत, शिट्ट्या वाजवत, कधी हाती गुलाबाचे फूल देत. लाजेने माणूस हलतो, हे खरेच. पण ज्या घरी शौचालय बांधायला जागा नाही किंवा त्यात ओतायला पाणी नाही, तिथे ती लाज नुसती अपमान होते. हसऱ्या चेहऱ्यात जो धोका नव्हता, तो शिट्टीत आहे.

माझा कल म्हणून एलिनॉर ऑस्ट्रॉम यांच्याकडे जातो, आणि त्या तर मानसशास्त्रज्ञही नव्हत्या. सामायिक कुरण ओरबाडले जाणारच, असे गॅरेट हार्डिन १९६८ मध्ये सांगून गेले होते. ऑस्ट्रॉम यांनी जगभरची कुरणे, जंगले, पाटपाणी पाहून १९९० च्या पुस्तकात दाखवले, की वापरणाऱ्यांनी स्वतः नियम केले आणि स्वतः राखण केली, तर ती पिढ्यान्‌पिढ्या टिकू शकतात. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारात पावसाळ्यानंतर पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेपुढे मांडला जातो. पिण्याचे पाणी आधी, मग उरलेल्यात कोणती पिके बसतात ते पाहायचे; बोअरवेलवर शेती नाही आणि उसासारख्या पिकांना मनाई. इथेही शेजारी शेजाऱ्याकडे पाहतो. पण इथला हिशेब कंपनीने पाकिटात घालून पाठवलेला नसतो, त्याच्यावर सभेत भांडता येते, आणि पाऊस कमी झालेल्या वर्षी कोणाचे रान पडीक राहणार हेही तिथेच, तोंडावर, ठरवावे लागते.