रांगेतली जागा

गेल्या मे महिन्यात आम्ही तीन शिक्षकांच्या घरची मंडळी क्रूझर गाडी भाड्याने करून सोलापूरहून रात्री निघालो. लहानथोर मिळून अकरा जण. दहावीचे पेपर तपासून झाले होते, शाळेचे निकाल लागले होते आणि मुलांनी वर्षभर ज्याचा तगादा लावला होता ते थीम पार्क आता टाळता येण्यासारखे नव्हते. १९८९ साली गोराईला एस्सेल वर्ल्ड सुरू झाले तेव्हा आमच्यातले काही जण पाळण्यात होते, काही जन्मालाही आले नव्हते. २०१३ साली खोपोलीजवळ इमॅजिका उघडले तेव्हा आम्ही बी.एड.ची पदवी घेऊन नोकरीसाठी वणवण करीत होतो. म्हणजे या जागा आमच्या पिढीबरोबरच वाढल्या. पण त्यातली एकही आम्ही आतून पाहिलेली नव्हती. या वेळी गेलो ते पार्क कोणते, हे सांगायचे कारण नाही. सांगायचे आहे ते पार्कापेक्षा आमच्याविषयीच अधिक आहे.

बाहेरचे खाणे आत नेता येत नाही म्हणून कडक भाकरी आणि शेंगाची चटणी गाडीपाशीच उभ्याउभ्या संपवली. तिकिटाच्या खिडकीवर दोन दर होते. साधे तिकीट असे, की एका माणसाच्या पैशात आमच्या घरचा आठवड्याचा बाजार यावा. दुसरे एक्स्प्रेस तिकीट, जवळजवळ दुप्पट. ते घेतले की प्रत्येक राइडला वेगळ्या दाराने, रांग टाळून आत जाता येते. आम्ही एकमेकांकडे पाहिले आणि साधी तिकिटे घेतली. आपल्याला कसली घाई, असे एकजण म्हणालासुद्धा.

पहिल्याच मोठ्या रोलर कोस्टरपाशी एक उंचीची पट्टी होती. एकशे चाळीस सेंटिमीटर. आमच्यातली दोन मुले तिथेच गळाली आणि रडू लागली. त्यांच्या शेजारी महागडा चष्मा घातलेला, एक्स्प्रेसचा पट्टा मनगटावर असलेला एक मुलगाही रडत होता. त्याचे वडील पट्टीजवळच्या पोराशी हुज्जत घालीत होते, ते पोर मान हलवीत होते. उंची विकत मिळत नाही. त्या पट्टीपुढे सगळी मुले सारखी, आणि म्हणूनच की काय, तिच्यावर कुणाचाही राग फार वेळ टिकत नव्हता.

रांगेचे तसे नव्हते. लोखंडी कठड्यांमधून ती सापासारखी वळत होती, वर पत्र्याचे छप्पर, बाजूला मोठे पंखे, त्यातून पाण्याचे तुषार. आमच्या शेजारच्या मार्गिकेतून एक्स्प्रेसवाली मंडळी हसत, बोलत, थेट पुढे जात होती. आमची मुलगी सहावीत आहे. तिने विचारले, "अब्बा, इनों नंबर कब लगाए?"

जादा पैसे दिले त्यांनी, असे आम्ही सांगितले. ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "किसको दिए? हमको तो नहीं दिए."

आम्ही हसलो. पण आमचे गणिताचे सर हसले नाहीत. त्यांनी मोजायला सुरुवात केली. एका गाडीत चोवीस माणसे, दर दोन मिनिटांनी एक गाडी. म्हणजे तासाला तीस फेऱ्या, सातशे वीस माणसे. समजा आपल्यापुढे सातशे वीस जण आहेत, तर तासाभरात आपला नंबर. आता प्रत्येक गाडीतल्या आठ जागा शेजारच्या मार्गिकेला दिल्या, तर आपल्या वाट्याला राहिल्या सोळा. तासाला चारशे ऐंशी. म्हणजे आपला नंबर दीड तासाने. पार्काने गाडी वाढवली नाही, फेरी वाढवली नाही, जागा वाढवली नाही. वाढवली ती फक्त आपली वाट. ती अर्ध्या तासाची वाट कुणीतरी विकली, कुणीतरी विकत घेतली, आणि ज्याची होती त्याला विचारलेही नाही.

सहावीतल्या मुलीला जे एका वाक्यात दिसले ते सरांनी आकड्यांनी मांडले, एवढेच. वस्तू विकायची तर ती आधी आपल्या मालकीची असावी लागते. रोलर कोस्टर पार्काच्या मालकीचा आहे, यात वाद नाही. पण रांगेतला वेळ कुणाचा?

वाट पाहण्यापलीकडे काही काम नसल्यामुळे वाद रंगला. आमच्यातले तिसरे, इतिहासाचे सर, व्यवहारी आहेत. ते म्हणाले, विमानातही पुढच्या खुर्च्या महाग असतात. श्रीमंत जादा देतात म्हणून आपले तिकीट परवडते. बरोबर. पण विमानातल्या पुढच्या आणि मागच्या खुर्च्या एकाच मिनिटाला मुंबईत उतरतात. पुढचा आरामात बसला म्हणून मागच्याचे विमान उशिरा पोचत नाही. आराम विकणे वेगळे, दुसऱ्याची पाळी विकणे वेगळे. मग त्यांनी तत्काळचा दाखला काढला. रेल्वेने ही सोय १९९७ साली आणली. तिथे तर मोजक्याच जागांतल्या काही जादा पैशांवर बाजूला काढल्या जातात. म्हणजे दुसऱ्याची पाळी जातेच. यावर आम्हाला चटकन उत्तर सुचले नाही. अचानक मयतीला जावे लागणाऱ्याने काय करायचे, या प्रश्नाला तत्काळ हे एक उत्तर आहे, असे आम्ही म्हणालो. तरी मयतीला जाणारा आणि नुसताच पैसेवाला यांतला फरक खिडकीवरच्या माणसाला कळत नाही, हे कबूल करावे लागले. गरज ओळखण्यासाठी आपण पैशाचे माप वापरतो, कारण ते सोपे आहे. बरोबर आहे म्हणून नव्हे.

कुणीतरी जुम्म्याच्या नमाजाची आठवण काढली. उशिरा यायचे आणि बसलेल्यांच्या खांद्यांवरून पाय टाकीत पुढची सफ गाठायची, हे बरे नव्हे, असा अदब आम्हाला लहानपणीच शिकवलेला असतो. पुढची जागा हवी तर लवकर घरून निघावे. लवकर निघणे हे नाणे सगळ्यांच्या खिशात असते, असे वाटते खरे. पण ज्याची पाळी कारखान्यात एक वाजता सुटते त्याच्या खिशात तेही नसते. म्हणजे रांगसुद्धा काही आकाशातून उतरलेला न्याय नव्हे. फावला वेळ असणाऱ्यांना ती झुकते माप देते. तरीही, सगळ्या मापांत ती गरिबाला त्यातल्या त्यात परवडणारी आहे.

आमच्या सोलापुरात रांगेचे शिक्षण नळावर मिळते. चार-चार दिवसांनी पाणी यायचे, तेव्हा सार्वजनिक नळापाशी माणसांऐवजी हंडे उभे असत. हंडा नसला तर वीट, वीट नसली तर फुटकी बादली. मालकीण घरी चपात्या लाटत असे आणि तिची वीट नळावर तिचा नंबर धरून बसे. कुणी ती वीट हलवीत नसे. पण एका विटेमागे एक हंडा, हा कायदा होता. एका विटेवर सहा हंडे भरू पाहणारीची जी भांडणे व्हायची ती आम्ही डोळ्यांनी पाहिली आहेत. आणि एखादी बाळंतीण असली तर बायका आपणहून म्हणत, भर बाई तू आधी. ते देणे त्यांचे होते, कारण पाळी त्यांची होती. जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेत होम मैदानावर पाळणे लागतात, तिथेही सोलापूरचा सगळा गाव, सगळ्या जातिधर्माचा, लोटतो. पाळणा भरल्याशिवाय पाळणेवाला तो फिरवत नाही. वकिलाचे पोर आणि विडी वळणारीचे पोर, दोघेही लटकून राहतात.

परत आल्यावर आम्ही याविषयी थोडे वाचले. कॅलिफोर्नियात डिस्नीलँड १९५५ साली उघडले. १९९९ साली डिस्नीने आपल्या पार्कांत फास्टपास नावाची सोय आणली. राइडपाशी यंत्रातून चिठ्ठी घ्यायची, चिठ्ठीवरच्या वेळेला परत यायचे आणि लहान रांगेतून आत जायचे. आत आलेल्या कुणालाही ही चिठ्ठी फुकट मिळे. आमच्या नळावरच्या विटेचाच तो सुधारलेला अवतार म्हणायचा. २०२१ साली फुकटची पद्धत संपली आणि तिच्या जागी पैसे मोजून घ्यायची सोय आली. मायकेल सँडेल या हार्वर्डच्या प्राध्यापकांनी २०१२ साली पैशाने काय विकत घेता येऊ नये या प्रश्नावर एक पुस्तक लिहिले. त्याचे पहिलेच प्रकरण रांग मोडण्यावर आहे आणि त्यात असल्या पार्कांचाही विचार आहे. म्हणजे आमच्या मुलीचा प्रश्न अगदीच पोरकट नव्हता.

आता ज्या गोष्टीसाठी हे लिहायला बसलो ती सांगितली पाहिजे.

आमच्यासोबत गणिताच्या सरांच्या वालिदा होत्या. आम्ही सगळे त्यांना खालाजान म्हणतो. वय सत्तरीच्या पुढे, दोन्ही गुडघे गेलेले. त्या यायलाच तयार नव्हत्या. सुनेने आग्रह केला म्हणून आल्या. दारातच त्यांच्यासाठी चाकांची खुर्ची मिळाली. दुपारचे तीन वाजले तेव्हा आमच्या तीन राइड झाल्या होत्या. उन्हाने मुले कोमेजली होती. पुढच्या राइडपाशी पाटी होती: दीड तास. तिथल्या मुलाने खुर्ची पाहिली आणि बाजूची साखळी काढून म्हणाला, आजींना इकडून आणा. बरोबर कोण आहे?

आम्ही एकमेकांकडे पाहिलेसुद्धा नाही. सगळेच म्हणालो, आम्ही बरोबर आहोत. अकराजण त्या साखळीतून आत गेलो. त्या मुलाने काही विचारले नाही. दहा मिनिटांत आम्ही गाडीत बसलो होतो. खालाजान बसल्या नाहीत. त्या बसणारच नव्हत्या, हे आम्हाला सकाळपासून ठाऊक होते. बाहेर पडायच्या दारापाशी त्यांची खुर्ची लावली आणि आमच्या पिशव्या, पाण्याच्या बाटल्या, चपला त्यांच्या मांडीवर आणि पायांशी ठेवल्या.

साखळीतून जाताना रांगेतल्या एका माणसाशी आमची नजरानजर झाली. खांद्यावर झोपलेले मूल. सकाळी पहिल्या राइडच्या रांगेत तो आमच्या पुढेच होता आणि आम्ही मिळूनच एक्स्प्रेसवाल्यांना नावे ठेवली होती. तो काही बोलला नाही. आम्ही नजर काढून घेतली.

पुढे आणखी दोन राइडला आम्ही तेच केले. त्यातल्या एकीला तर खालाजान म्हणाल्या, बेटा, मला सावलीत राहू द्या, तुम्ही जाऊन या. तेव्हा आम्हीच म्हणालो, नाही नाही, तुम्ही चला. त्या आल्या. संध्याकाळी गाडीत बसताना पदराने घाम पुसत म्हणाल्या, "चलो, मेरे घुटने किसी के तो काम आए." सगळे मोठ्याने हसले. त्याही हसल्या. टोलनाका गेल्यावर मुलीने हळूच विचारले, "खालाजान तो झूले में बैठे ही नहीं ना?" उत्तर द्यायला कुणी तयार नव्हते. इतिहासाच्या सरांनी ड्रायव्हरला गाणी लावायला सांगितली.

एक्स्प्रेसवाल्याने निदान पैसे मोजले होते, भले ते चुकीच्या माणसाला मोजले असोत. आम्ही तेही मोजले नाहीत. बाळंतिणीला पाळी देणाऱ्या बायकांनी जे आपणहून दिले असते, ते आम्ही एका म्हातारीचे गुडघे पुढे करून उचलले. आणि जिच्या नावावर उचलले तिला त्यातले काहीच दिले नाही. आम्ही काही गुन्हेगार माणसे नाही. शाळेत मुलांना नागरिकशास्त्र शिकवतो. दुपारच्या उन्हाने आणि दीड तासाच्या पाटीने आमच्यासारख्यांचे जे केले ते पाहता, न्यायाचा विचार पोट भरल्यावर आणि सावलीत बसूनच सुचतो की काय, अशी शंका येते. सकाळी तो वाद घालताना आम्ही तोट्यात होतो. तोट्यात असलेल्या माणसाला न्याय फार स्वच्छ दिसतो.

डिस्नीच्या पार्कांतही हेच घडले होते. तिथे अपंगांना आणि त्यांच्याबरोबरच्यांना रांग टाळून जाऊ देत. २०१३ साली वर्तमानपत्रांतून बातम्या आल्या, की काही धनिक कुटुंबे अपंग माणसाला पैसे देऊन दिवसभर बरोबर घेतात. त्याच वर्षी नियम बदलला. मुख्य रांगेत जेवढा वेळ लागतो आहे तेवढ्या वेळानंतरची वेळ अशा पाहुण्याला द्यायची. रांगेत उभे राहायचा त्रास त्याला नको, वाट पाहणे मात्र सगळ्यांना सारखेच. विचार म्हणून आम्हाला तो पटला. पण ज्याचे मूल स्वमग्न आहे, गर्दीत घाबरते आणि दोन तासांत ज्याचा सगळा दिवस संपतो, त्याला सारखी वाट सारखी नसते. अशा पालकांनी तेव्हा तक्रारी केल्या, काही कोर्टातही गेले. लबाडी करणारे कुठल्याकुठे निघून गेले आणि त्यांच्यामुळे आवळलेला नियम खऱ्या गरजवंतांच्या गळ्यात पडला. आमच्या त्या तीन राइडनंतर तिथल्या साखळीपाशी उभ्या पोराला वरून काही सूचना आली असेल, तर ती आम्हाला कळणार नाही. आमच्यामागून खुर्ची घेऊन आलेल्या कुणाला तरी कळेल.

खालाजानना आम्ही ईदच्या दिवशी भेटलो. माफी मागायची असे तिघांनी ठरवले होते. शीरखुर्मा झाला, इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या. त्यांनीच विषय काढला आणि मुलांना सांगू लागल्या, की पार्कात त्यांनी केवढी मोठी चक्रे पाहिली. आम्ही बोललो नाही.

जूनच्या मध्यावर शाळा सुरू झाली. शालेय पोषण आहाराच्या रांगेवर आमची पाळी असते. दुसऱ्याच दिवशी सहावीचा एक मुलगा रांगेत पुढे उभा होता आणि त्याच्या हातात चार ताटे होती. मागची मुले ओरडत होती. आम्ही त्याला बाजूला घेतले आणि विचारले, ही कुणाची ताटे? तो म्हणाला, "सर, एक पाँव टूटेला है, उसकी." आणि बाकीची तीन? त्याने मान खाली घातली. मागे आमची मुलगी उभी होती. ती त्या मुलाकडे पाहत नव्हती, आमच्याकडे पाहत होती. आम्ही त्याच्या हातातले एक ताट खिचडीने भरले आणि उरलेली तीन घेऊन रांगेच्या शेवटी जाऊन उभे राहिलो.