निर्जीव हिरवळीची डागडुजी

पाण्याच्या दुर्भिक्ष्यामुळे कॅलिफोर्नियातील अनेक घरांपुढे खऱ्या हिरवळीच्या जागी प्लॅस्टिकचे गवत आले. त्यावर बंदी घालण्यास तेथील नगरपालिकांना २०१५ च्या कायद्याने मनाई होती; २०२३ मध्ये ती उठली. दरम्यान पुष्कळ अंगणांतले हे गवत जुने झाले. उन्हाने त्याची पाती ठिसूळ होतात, सांधे उसवतात. जाणता कारागीर खराब भाग कापून काढतो, खाली पट्टी व गोंद लावून दुसरा तुकडा बसवतो, वरून वाळू भरतो. हा तुकडा त्याच अंगणाच्या आडोशाच्या कोपऱ्यातून घेतला तर रंग बराच जुळतो. (ठिगळ दिसू नये, ही माणसाची जुनीच हौस!)

परंतु जे कधी जिवंत नव्हतेच, त्याची एवढी निगा का राखावी? माझ्या मते राखावी. खरे गवत वाळले की मातीचे होते. त्याला मरू देण्यात अपराध नाही. हे मात्र उखडून टाकले तरी संपत नाही. पात्यांचे प्लॅस्टिक एक, पाठीच्या थराचे बहुधा दुसरे, त्यात वाळू रुतलेली; ते वेगळे करणे जिकिरीचे, म्हणून पुष्कळसे कचऱ्याच्या खड्ड्यातच जाते, कुणा दुसऱ्याच्या वस्तीजवळ. डागडुजीने तो दिवस काही वर्षे लांबतो, एवढेच. तोवर झिजलेल्या पात्यांचे कण पावसाबरोबर अंगणाबाहेर वाहत राहतातच.