कागदावरचा एक आर

नीरेकाठच्या एका गावात दोन भावांची तीन एकर जमीन होती. वडील गेले, वाटणी झाली. थोरल्याला दीड एकर, धाकट्याला दीड एकर. मधे बांध घातला, दोघांनी मिळून खुणेचे दगड रोवले आणि त्या दिवशी दोघं एका ताटात जेवले.

पुढे पीककर्जासाठी सातबारे काढले. थोरल्याच्या उताऱ्यावर क्षेत्र 0.61 हेक्टर, धाकट्याच्या 0.60. धाकट्याच्या मनात पाल चुकचुकली. दादानं लिहिणाऱ्याला धरून आपला गुंठा खाल्ला! सरळ जाऊन विचारलं असतं, तर गोष्ट तिथंच मिटली असती. त्यानं विचारलं नाही. दर नांगरटीला त्याचा नांगर बांधाला जरा जास्तच भिडू लागला. यंदा चार बोटं, पुढच्या साली वीतभर. दगडही हळूहळू सरकले. थोरल्याच्या ध्यानात आलं तेव्हा शिवीगाळ झाली, बोलणं तुटलं आणि बहिणीला भाऊबीज दोन घरी वेगवेगळी करावी लागली.

शेवटी तिनंच थोरल्याला मोजणीचा अर्ज करायला लावला. भूकरमापक आले, हद्दी कायम केल्या आणि बांधावरच कागद पसरून बसले.

"तेहेतीस फूट लांब, तेहेतीस फूट रुंद, तो एक गुंठा. म्हणजे 1089 चौरस फूट, किंवा 101.17 चौरस मीटर. आर मात्र बरोबर शंभर चौरस मीटरचा. लोक दोन्ही एकच धरतात, पण एकरामागे 47 चौरस मीटरचा फरक पडतो. तुमचे 120 गुंठे म्हणजे सुमारे 12,141 चौरस मीटर. हेक्टर-आरमध्ये लिहिताना वरचे मीटर सोडले, राहिले 1.21. आता 121 आर दोघांत सारखे कसे वाटणार? एकाला 61, दुसऱ्याला 60 लिहून बेरीज जुळवली. खरा वाटा प्रत्येकाचा साठ आर सत्तर मीटर."

"म्हणजे माझं कमी नव्हतंच?" धाकट्यानं विचारलं.

"वाटणीच्या दिवशी कुणाचंच नव्हतं. आज आहे. शंभर मीटरचा हा बांध सत्तर सेंटिमीटर सरकलाय. दादांकडे साठच आर उरलेत आणि तुमच्याकडे एकसष्टच्या वर गेलेत."

उताऱ्यात थोरल्याकडे दिसणारा जादा आर जमिनीवर कधी नव्हताच. जमिनीवर जे कमी झालं, ते धाकट्यानं स्वतःच्या नांगरानं केलं होतं. तो काही बोलला नाही. घरी जाऊन पहार घेऊन आला. पहिला दगड त्यानं उपटला, तेव्हा दुसऱ्या बाजूनं हात लावायला थोरला पुढं झाला.

उतारा हातात आला की आकड्याशेजारी आर लिहिलंय की गुंठे, ते आधी वाचा; गुंठ्यांना 101.17 नं गुणून चौरस मीटर काढा आणि मगच भावाकडे बोट दाखवा. नोंदीत लेखनप्रमाद असेल, तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 155 खाली तो दुरुस्त करून मिळतो.