सदैव कामावर

पोलीस अधिकारी हा सदैव कामावर असल्याचे मानले जाईल, अशी तरतूद १८६१च्या पोलीस कायद्याच्या बाविसाव्या कलमात आहे. १८५७चा उठाव शमल्यानंतर झालेल्या या कायद्याला माणूस नको होता, पहारा हवा होता. स्वतंत्र भारतात १९५१च्या मुंबई पोलीस कायद्याच्या अठ्ठाविसाव्या कलमानेही हीच कल्पना स्वीकारली. राज्यकारभाराच्या सोयीसाठी मानलेली ही गोष्ट माणसाच्या देहात आणि मनात खरी होऊ लागली, की प्रश्न विधिशास्त्राचा राहत नाही. तो नीतीचा होतो.

देशातील पोलीस सरासरी चौदा तास काम करतात, असे २०१९च्या एका देशव्यापी पाहणीत आढळले. परंतु तास मोजता येतात, म्हणूनच त्यांची चर्चा अधिक होते. बेवारस प्रेताच्या पंचनाम्यात देहाची स्थिती, अंगावरील वस्त्रे, जखमांची लांबी-रुंदी, सारे नोंदवले जाते. ते पाहणाऱ्याचे काय झाले, याला तेथे जागा नाही. नसावीही; पुराव्यात हुंदका शोभत नाही. मात्र जे कागदावर उतरत नाही ते नाहीसे होत नाही. ते झोपेत येते, जेवणाच्या ताटावर येते, पोरगे रडू लागले की चढणाऱ्या आवाजात येते. पुढे कित्येकांच्या बाबतीत ते येणेही थांबते. मग अशा माणसाला ‘मुरलेला’ म्हणतात. मुरलेला हवालदार सर्वांनाच सोयीचा असतो: वरिष्ठांना, नागरिकांना आणि काही अंशी त्याला स्वतःलाही.

हा कठोरपणा गुण मानावा की जखम? जखम मानली, तर कोठडीत उगारलेल्या हाताचे काय? ज्याच्यावर तो हात पडतो त्याने मारणाऱ्याचे जागरण समजून घ्यावे, अशी अपेक्षा करणे हा निव्वळ निर्लज्जपणा होईल. हातातून सुटलेला दगड परत घेता येत नाही, तरी तो फेकणे फेकणाऱ्याच्या अधीन होते, असे अ‍ॅरिस्टॉटलने म्हटले आहे. तसाच माणूस आपल्या स्वभावालाही जबाबदार असतो, असे त्याचे मत. येथे मात्र थोडे थांबावे लागते. कृत्य त्या एकट्याचेच. त्याची वाटणी होत नाही. स्वभाव घडविणारे हात मात्र अनेक आहेत. रजा नामंजूर करणारा वरिष्ठ त्यात आहे, आणि गुन्ह्याचा तपास लवकर लागावा, कसा लागला ते कळू नये, असे वाटणारा सज्जन गृहस्थही आहे. दोषी पोलिसाला शिक्षा झाली, की या गृहस्थाला सुटल्यासारखे वाटते. ते वाटणे तपासून पाहण्याजोगे आहे.

शिपायांनी स्वतः तोंड उघडले, तेव्हा काय झाले? १८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईचे पोलीस रस्त्यावर उतरले, शहरात हिंसाचार झाला आणि सैन्य बोलवावे लागले. बेशिस्त मोडून निघाली. तिच्यासोबत संघटनाही गेली. पुढे मे २०१६मध्ये देवनार पोलीस ठाण्यात आठ तासांची पाळी प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. ती योजना सुचविणारा एक शिपाईच होता. आठ तासांनंतर तेथील पोलीस घरी जाऊ लागले. अठ्ठाविसाव्या कलमाच्या दृष्टीने ते घरीही कामावरच होते.