ना हरकत

स्वाहिलीत पैशाला 'पेसा' म्हणतात. शब्द समुद्र ओलांडून भारतातून गेलेला. 1920च्या सुमारापर्यंत पूर्व आफ्रिकेत रुपयाच चालत असे. मार्च 2007मध्ये केनियात सफारीकॉम कंपनीने 'एम-पेसा' सुरू केलं, तेव्हा हा जुना शब्द साध्या, बटणांच्या फोनमध्ये शिरला. नैरोबीतल्या मुलाने कोपऱ्यावरच्या दुकानात रोकड द्यायची, ती त्याच्या फोनवर जमा व्हायची. तिथून ती गावच्या आईच्या फोनवर, आणि आईच्या हाती तिथल्या दुकानदाराकडून नोटा. बँकेत खातं असण्याची गरज नाही. त्याआधी हेच पैसे बस-ड्रायव्हरच्या भरवशावर जायचे.

मला या कथेतला सगळ्यात मोलाचा भाग तिच्या आधीचा वाटतो. ही योजना मुळात छोट्या कर्जांचे हप्ते भरण्यासाठी आखली होती. चाचणीत सामील झालेल्या लोकांनी मात्र तिचा भलताच उपयोग केला. कुणी नातेवाइकांना पैसे धाडले, कुणी प्रवासात खिसा कापला जाऊ नये म्हणून रक्कम फोनमध्ये ठेवली. कंपनीने लोकांचं पाहिलं, आणि हप्त्यांऐवजी घरी पैसे पाठवण्याची सोय म्हणून ती बाजारात आणली. या व्यवहाराला लागू होईल असा कायदाच तेव्हा नव्हता. केनियाच्या मध्यवर्ती बँकेने ग्राहकांचे पैसे बँकेत विश्वस्त खात्यात वेगळे ठेवायला लावले आणि ना हरकत पत्र दिलं. सविस्तर नियमावली आली 2014मध्ये.

एम-पेसा सुरू झालं त्याच वर्षी, 2007च्या डिसेंबरात, केनियात निवडणुकीनंतर दंगली पेटल्या. हजारावर माणसं मेली. टीव्ही-रेडिओवरच्या थेट प्रक्षेपणावर सरकारने बंदी घातली. तेव्हा ब्लॉगर ओरी ओकोलो आणि तिच्या सोबत्यांनी काही दिवसांत एक संकेतस्थळ उभं केलं. कुठे घरं जळाली, कुठे हल्ला झाला, हे लोकांनी एसएमएसने कळवायचं आणि ते नकाशावर उमटायचं. नाव 'उशाहिदी', म्हणजे साक्ष. 2010च्या भूकंपानंतर हैतीत मदत पोचवायला हीच प्रणाली कामी आली. ज्या फोनवरून पेसा जात होता, त्याच फोनवरून साक्ष गेली. राज्यकर्त्यांना यातलं पहिलं हवं असतं आणि दुसरं नको असतं.

युगांडाने 1 जुलै 2018पासून व्हॉट्सॲप, फेसबुक वापरण्यावर रोज 200 शिलिंगांचा कर बसवला. अध्यक्ष मुसेवेनींचा राग होता 'लुगाम्बो'वर, म्हणजे गावगप्पांवर. पण व्हॉट्सॲपवर मालाचे भाव विचारणारी आणि गप्पा मारणारी बाई एकच असते. तिच्यातली व्यापारी तेवढी ठेवून बोलकी बाई वगळता येत नाही.

रवांडाचं उदाहरण माझ्या या म्हणण्याच्या आड येतं, हे मान्य केलं पाहिजे. तिथे विरोधाला जागा नाही, तरी रक्ताच्या पिशव्या ड्रोनने दवाखान्यांत पोचतात. सरकारने ठरवलेलं काम बंद समाजातही उत्तम होऊ शकतं. कुणीच न ठरवलेलं काम तिथे कसं जन्माला येणार, हा माझा प्रश्न आहे.

कॅमेरूनमधलं बुएआ गाव ज्वालामुखीच्या पायथ्याशी आहे. तिथल्या तरुण प्रोग्रामरांनी आपल्या परिसराला अभिमानाने 'सिलिकॉन माउंटन' म्हणायला सुरुवात केली होती. देशाच्या इंग्रजीभाषक भागात वकील आणि शिक्षक न्यायालयांत, शाळांत फ्रेंच लादल्याविरुद्ध रस्त्यावर उतरले, आणि 17 जानेवारी 2017ला त्या दोन प्रांतांचं इंटरनेट सरकारने तोडलं. आदल्याच दिवशी याच भागातल्या बामेंडाच्या 17 वर्षांच्या मुलाने गूगलच्या जागतिक प्रोग्रामिंग स्पर्धेचं काम पुरं केलं होतं. तो जिंकला, हा मान मिळवणारा पहिला आफ्रिकी. पण पुढे नेट वापरायला त्याला राजधानी याउंडेला, नातेवाइकाकडे, जावं लागलं.

बुएआच्या मुलांनी वर्गणी काढून प्रांताच्या हद्दीपलीकडच्या बोनाको खेड्यात एक खोली भाड्याने घेतली. मोडेम आणले, लॅपटॉप मांडले. त्या जागेला लोक 'इंटरनेट निर्वासितांची छावणी' म्हणू लागले. रोज घरून निघायचं, हद्द ओलांडायची, गिऱ्हाइकांची कामं पाठवायची, आणि संध्याकाळी पुन्हा अंधारात परतायचं. 93 दिवसांनी, 20 एप्रिलला, जोडणी परत आली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सरकारने पुन्हा हात घातला, आणि या वेळी आधी फेसबुक, व्हॉट्सॲप बंद केलं.