कंपाउंड आणि कोंडवाडा

'कंपाउंड' हा शब्द आपल्या बोलण्यात इतका रुळला आहे की तो परका वाटत नाही. चर्चचे कंपाउंड, शाळेचे कंपाउंड असे आपण सहज म्हणतो. मुले रसायनशास्त्र शिकू लागली की हाच शब्द त्यांना वेगळ्या अर्थाने भेटतो. तेथे कंपाउंड म्हणजे संयुग. उच्चार एकच, पण कुळे निराळी. संयुगाचा शब्द 'एकत्र ठेवणे' या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला. आवाराचा शब्द मलय भाषेतील 'काम्पुंग' म्हणजे वस्ती, यावरून आला असावा, असे कोशकार मानतात. 'पाउंड' हा इंग्रजी शब्द तर थेट कोंडवाड्याचाच. एक शब्द जोडणारा, दुसरा कुंपणाचा, तिसरा कोंडणारा. माणसांना एकत्र आणताना आपण यांपैकी नेमके काय करीत असतो?

नागपूरच्या परिसरातील संत्रा-बागायतदार झाडाच्या बुंध्याला मोरचूद आणि चुना यांचे बोर्डो मलम लावतात. मोरचुदाला जुन्या इंग्रजीत 'ब्लू व्हिट्रिऑल' म्हणत आणि हिराकसाला 'ग्रीन व्हिट्रिऑल'. स्फटिक काचेसारखे चकाकतात, म्हणून व्हिट्रिऑल. एक निळा, दुसरा हिरवा, एवढाच भेद. ही नावे डोळ्यांनी ठेवलेली होती. १७८७ साली लाव्हाझिए आणि त्याच्या तीन सहकाऱ्यांनी फ्रान्समध्ये नामकरणाची नवी पद्धत मांडली. पदार्थ कसा दिसतो हे न सांगता तो कशाकशाचा बनला आहे, हे नावाने सांगावे, असा तिचा आग्रह होता. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट, हिराकस म्हणजे आयर्न सल्फेट. रंगाची जागा नात्याने घेतली.

आता आपल्या रस्त्यांकडे पाहू. रहदारीत बसलेल्या गाईला आपण 'मोकाट' म्हणतो. हे नावही डोळ्यांनीच ठेवलेले आहे. पुष्कळदा तिला मालक असतो, गोठा असतो. धार काढून झाली की तिला बाहेर सोडून दिलेले असते. चूक मालकाची, नाव मात्र गाईला. रस्त्यावर अपघात होतात, शेतात पिकांची नासाडी होते, म्हणून कोंडवाडा अनावश्यक आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु १८७१ च्या गुरांच्या अतिक्रमणाविषयीच्या कायद्याने कोंडवाडा राखणाऱ्यावर जनावरांना चारापाणी देण्याचे कर्तव्यही घातले, आणि दंड व खर्च भरून मालकाला आपले जनावर सोडवून नेण्याची वाट ठेवली. कोंडणे हा त्या कायद्याचा शेवटचा शब्द नव्हता.

पवित्र शास्त्र याही पुढे जाते. निर्गमाच्या ग्रंथात शत्रूचा भटकलेला बैल दिसला तरी तो त्याच्याकडे परत नेण्याची आज्ञा आहे. अनुवादाच्या ग्रंथात म्हटले आहे की धनी दूर राहत असेल किंवा अनोळखी असेल, तर जनावर आपल्या घरी आणावे, आणि तो शोधत आला की त्याला परत द्यावे. म्हणजे बांधून ठेवणे तेथेही आहेच. पण ते परत देण्यासाठी आहे. आसरा आणि कोंडवाडा यांतील नैतिक अंतर भिंतीच्या उंचीवर नाही, हेतूवर आहे.

प्रत्येक धर्मग्रामात एखादा तरी मुलगा असतो, ज्याला सारेजण 'मोकाट' म्हणतात. तो मिस्साला येत नाही, संध्याकाळी नाक्यावर उभा असतो. त्याला हे नाव देताना आपण फक्त रंग पाहिलेला असतो. तो कोणाचा, घरी त्याची वाट कोण पाहते, त्याला बाहेर कोणी सोडले, हे आपण विचारत नाही. मग एक दिवस त्याला वळण लावण्यासाठी आपण त्याला समितीपुढे उभे करतो, आणि त्यालाच जोडणे समजतो. परंतु संयुग बंधाने होते. सोडियम आणि क्लोरिन एका खोलीत नुसते कोंडून ठेवले म्हणून मीठ होत नाही. त्यासाठी एकाला आपला इलेक्ट्रॉन द्यावा लागतो.

योहानाच्या शुभवर्तमानात प्रभूने स्वतःला मेंढवाड्याचे दार म्हटले आहे, आणि त्या दारातून मेंढरे आत येतील तशी बाहेरही जातील, असे सांगितले आहे. आपल्या कंपाउंडच्या भिंती बहुधा मजबूत आहेत. दाराशी कोण उभे आहे, आणि नाक्यावरच्या त्या मुलाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारायला कोण जाणार आहे, हे मात्र आपल्याला ठरवायचे आहे.