पिल्लं कुणाची? (भगवद्गीता, अध्याय 12, श्लोक 13)



आजचं वाचन बाराव्या अध्यायातलं, म्हणजे भक्तियोगातलं. अर्जुनाने विचारलं आणि भगवंत सांगायला लागले की मला आवडणारा भक्त कसा असतो. तेराव्या श्लोकात त्याची पहिली ओळख येते. कुठल्याच प्राण्याचा द्वेष न करणारा, सगळ्यांशी मैत्रीने वागणारा, करुणा असलेला. आणि लगेच पुढचे दोन शब्द आहेत निर्मम आणि निरहंकार.

मी हा श्लोक लहानपणापासून म्हणते. पण 'करुण' आणि 'निर्मम' हे दोन शब्द शेजारीशेजारी का बसलेत, हा प्रश्न मला कधी पडलाच नव्हता. बोलताना आपण 'निर्मम' म्हणजे निर्दय असं धरतो. मग दयाळू आणि निर्मम एकाच दमात कसं? याचं उत्तर मला आमच्या पार्किंगमधल्या एका मांजरीने दिलं. त्यात माझी एक मोठी चूक आहे, ती आज सांगून टाकते.

मृगाचा पहिला मोठा पाऊस झाला त्या संध्याकाळी मी ऑफिसमधून आले, तर मीटरच्या खोलीमागून बारीक आवाज येत होता. बघितलं तर चार पिल्लं. डोळेही उघडलेले नव्हते. आई कुठेच नाही. मी दहा मिनिटं थांबले, फार तर पंधरा. मग ठरवून टाकलं की आईने टाकून दिलीत. पिल्लं खोक्यात घातली, चौथ्या मजल्यावर नेली, कापसाच्या बोळ्याने गाईचं दूध पाजायचा प्रयत्न केला. आणि हो, फोटो काढून स्टेटसला टाकला. बदाम यायला लागले. खरं सांगते, त्या रात्री मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं.

रात्री साडेअकराच्या सुमाराला खाली मांजर ओरडायला लागली. मीटरच्या खोलीपासून गेटपर्यंत, गेटपासून परत. तळमजल्यावरच्या आजींनी दार उघडलं आणि जिन्यातून मला हाक मारली, "अगं, पिल्लं तू नेलीस का? टाकून नव्हती गेली ती. पोट भरायला गेली होती. बाळंतिणीला भूक लागत नाही का?"

मी खोका घेऊन खाली धावले. लांब उभी राहिले. ती आली, हुंगलं आणि एकेकाला मानेला धरून आडोशाला नेऊ लागली. तीन नेली. चौथं, सगळ्यात लहान, गार पडलं होतं. सकाळी ते गेलेलं होतं.

नंतर डॉक्टरांनी शांतपणे समजावलं. इतक्या लहान पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही, ती आईच्या कुशीतूनच मिळते. गाईचं दूध त्यांना सोसत नाही. चुकीच्या पद्धतीने पाजलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मांजर खाण्याच्या शोधात काही तास बाहेर राहू शकते. म्हणून पिल्लं धोक्यात नसतील तर आधी लांबून वाट बघायची. ती खूप गार पडली असतील, जखमी असतील किंवा आई कित्येक तास फिरकलीच नसेल, तरच उचलायचं आणि थेट डॉक्टरांकडे न्यायचं.

मंडळी, माझ्या करुणेत खोट नव्हती. पण तिच्यात 'मी' फार होतं. मी वाचवणार, माझी पिल्लं, माझं स्टेटस. त्या 'माझं'पायी मला त्यांची खरी आईच दिसली नाही. निर्मम याचा अर्थ मला तिथे कळला. माया नसणं म्हणजे निर्मम नव्हे. मायेवर आपल्या नावाची पाटी न लावणं म्हणजे निर्मम.

पुढची परीक्षा चार दिवसांनी आली. सोसायटीच्या ग्रुपवर सेक्रेटरीकाकांचा मेसेज : "पार्किंगमधली मांजरं रविवारी वॉचमनला पोत्यात भरून मंडईजवळ सोडायला सांगितली आहेत." माझं डोकंच फिरलं. मी भलामोठा मेसेज लिहिला. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्ध 1960 चा कायदा आहे, संविधानाच्या कलम 51अ मध्ये सजीवांबद्दल दयाबुद्धी बाळगणं हे प्रत्येक नागरिकाचं कर्तव्य सांगितलंय, वगैरे वगैरे. सगळं खरंच होतं. पण शेवटची दोन वाक्यं काकांच्या माणुसकीवर होती. पाठवणार इतक्यात श्लोकाचा पहिला शब्द आठवला : अद्वेष्टा. 'सर्व भूतांमध्ये' मांजर येते आणि सेक्रेटरीकाका येत नाहीत, असं थोडंच आहे?

ज्ञानेश्वरीत माउलींनी इथे पाण्याचा दाखला दिलाय. गाईची तहान भागवायची आणि वाघाला मात्र विष होऊन मारायचं, असा भेद पाणी करत नाही. मी तर मांजरीसाठी पाणी आणि काकांसाठी विष घेऊन बसले होते!

मेसेज पुसला आणि त्यांच्या घरी गेले. "काका, तुम्हाला नेमका त्रास काय होतोय?" त्यांनी बाल्कनीकडे बोट दाखवलं. "आईला दिसत नाही नीट. परवा जिन्यात त्या मांजरीवर पाय पडून पडणार होती. आणि घाण कोण काढणार, तू?"

"हो काका, मी काढते."

ते गप्प झाले. मग बोलणं झालं. जिन्याजवळ खाणं ठेवायचं नाही, मागच्या भिंतीपाशी ठेवायचं आणि अर्ध्या तासात भांडं उचलायचं. वाळूचा ट्रे मी रोज साफ करायचा. पिल्लं दोन महिन्यांची होऊन आईच्या दुधावरून सुटली की मांजरीचं नसबंदीचं ऑपरेशन मी करून आणायचं. ही शेवटची अट काकांपेक्षा मांजरीच्याच भल्याची आहे. मांजरीला चार-पाच महिन्यांच्या वयापासूनच गर्भ राहू शकतो, आणि दरवेळी रस्त्यावर तीच ओढाताण.

विटांवर एक क्रेट ठेवला, म्हणजे खालून पाणी शिरणार नाही. आत जुनी सुती साडी. आजींनी रोज मीठ-मसाला न घातलेलं उकडलेलं चिकन द्यायची जबाबदारी घेतली. शुद्ध शाकाहारी आजी ते स्वतः शिजवायच्या नाहीत, पण शेजारच्या काकूंकडून न चुकता करून घ्यायच्या. वॉचमनकाकांनी गेटवर कागद चिकटवला : 'गाडी सुरू करण्याआधी बोनेटवर थाप मारा.' पावसात उबेसाठी मांजरं इंजिनपाशी जाऊन बसतात ना.

आणि मग एका सकाळी क्रेट रिकामा! मांजरी पिल्लं घेऊन मागच्या बिल्डिंगच्या जिन्याखाली गेली होती. मांजरी जागा बदलतातच. पण मला काय वाटलं असेल? राग आला. एवढं केलं आणि न सांगता गेली! मग स्वतःचंच हसू आलं. 'मम' पुन्हा दारात हजर. दिवसातून दहादा हाकललं तरी येणारा पाहुणा आहे तो.

दक्षिणेतल्या श्रीवैष्णव परंपरेत शरणागतीसाठी मार्जारन्याय सांगतात. माकडाचं पिल्लू आईला स्वतः घट्ट धरतं. मांजरीचं पिल्लू मात्र अंग सैल सोडतं आणि आईच त्याला उचलून नेते. भक्ताने असं देवाच्या हवाली व्हावं. आपण तो दाखला नेहमी पिल्लाच्या बाजूने ऐकतो. मला यंदा त्यात आणखी एक जागा दिसली. आई पिल्लू घेऊन निघालीय, तेव्हा वाटेतून बाजूला होऊन आडोसा धरणाऱ्याची. तारणारा तो आहे. आपल्या वाट्याला कोरडी साडी आणि स्वच्छ ट्रे आला, तेही पुष्कळ आहे.

तिन्ही पिल्लं जगली. दोघांना घर मिळालं, एक आईपाशीच आहे. मांजरीचं ऑपरेशन झालं. तशी खूण म्हणून तिच्या कानाचं टोक किंचित कापलेलं आहे. ती अजूनही माझ्या जवळ येत नाही. लांबून बघते, खाते, निघून जाते. आणि ते चौथं पिल्लू मला रोज आठवतं. श्लोकातला शेवटचा शब्द 'क्षमी' आहे. स्वतःला क्षमा करताना तो फार जड जातो, पण शिकतेय.

आजचा नेम : आज कुणाला मदत कराल तेव्हा हात पुढे करण्याआधी क्षणभर थांबा. विचारा, याला खरंच काय हवंय, आणि मला त्यातून काय हवंय? दोन्हीची उत्तरं वेगळी आली, तर पहिलं धरा. आणि गाडी काढताना बोनेटवर एक थाप!

रामकृष्णहरी.